पंख्याला पासवर्ड कशाला?

बेळगावच्या वडगावात माझं घरगुती मशिनच्या रिपेरीचं दुकान आहे, मिक्सर, वॉशिंग मशिन, पंखे, गिझर आणि आता इंडक्शन पण, आणि गेल्या काही वर्षांत एक नवीनच प्रकार सुरू झालाय तो म्हणजे फोन येतो "मशिन बंद पडलंय, आत्ताच्या आत्ता या", पावसात गाडी काढून जावं तर मशिनला काही झालेलंच नसतं. चाईल्ड लॉक लागलेलं असतं, नाहीतर टायमर लागलेला असतो, नाहीतर पंखा रिमोटनं बंद केलेला असतो आणि भिंतीवरचं बटण शंभरदा वरखाली करून घरातली सगळी मंडळी दमलेली असतात. मी दोन बोटं तीन सेकंद दाबून धरतो, पीप वाजतं, मशिन सुरू. व्हिजिटचे पैसे मागायला लाज वाटते आणि नाही मागितले तर पेट्रोल अंगावर. आणि समोरची बाई काय म्हणते तर "आम्हाला बाई कळत नाही ह्यातलं, आम्ही अडाणी". बाई बँकेत नोकरीला असते हो! अडाणी कुठली?

तर मला म्हणायचंय ते एवढंच आहे, की घरातली वस्तू जो कोण समोर उभा आहे त्याला तिच्या अंगावरच चालू करता आली पाहिजे, बंद करता आली पाहिजे, आणि ती आत्ता काय करालीय हे बघून किंवा ऐकून कळलं पाहिजे. फोन हातात नसला तरी, चष्मा डोळ्यावर नसला तरी, अकाउंट मुलाच्या नावावर असलं आणि मुलगा पुण्यात असला तरी. ह्याच्यावर मग तुम्ही ॲप लावा, वायफाय लावा, आवाजावर चालवा, काय वाट्टेल ते करा. पण आज उलटं चाललंय, ॲप आधी आणि बटण नंतर, बऱ्याचदा बटण नाहीच, आणि ह्यालाच स्मार्ट म्हणायचं असं ठरून गेलंय.

पंख्याचंच घ्या. नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे, पंखे चांगले आहेत, मी स्वतः लोकांना घ्या म्हणून सांगतो, जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खातो आणि हा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग पंख्याला स्टार लेबल कंपल्सरी झालं आणि तेव्हापासून दुकानात हेच जास्त दिसायला लागले, ते बरंच झालं. पण ह्या पंख्यात मोटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ते एसीचं डीसी करून कॉइलला पाहिजे तसा करंट सोडतं, त्यामुळं आपला जुना रेग्युलेटर, जो व्होल्टेज कमी करून स्पीड कमी करायचा, तो ह्याला चालत नाही. मग कंपन्यांनी काय केलं, रेग्युलेटर काढायला लावला आणि हातात रिमोट दिला. जमत नव्हतं म्हणून केलं असं पण नाही, भिंतीवर फिरवायचा नॉब असलेले बीएलडीसी पंखे आता निघालेत की, म्हणजे करता येत होतं. रिमोट स्वस्त पडतो आणि डब्यावर छापायला बरा दिसतो, माझ्या मते कारण एवढंच.

आता तो जुना रेग्युलेटर आठवा. गोल, पाच आकडे, फिरवला की कट् कट् लागतो. अंधारात झोपेत हात गेला तरी कितीवर आहे ते बोटाला कळतं. नुसतं बघूनच समजतं की हा फिरवायचा आहे, कुणी शिकवावं लागत नाही, पाव्हणा आला तरी विचारत नाही. सगळ्यात मोठं म्हणजे तो जागेवर असतो, भिंतीला असतो, सोफ्याखाली जात नाही.

यळ्ळूर रोडला एका घरी गेलो होतो, आजी एकटीच असती, मुलानं मोठ्या हौसेनं स्मार्ट पंखा लावून दिलेला. रिमोटचे सेल संपलेले आणि ॲप मुलाच्या फोनवर. डिसेंबरातली थंडी, आमच्याकडं चांगलीच पडती, आणि पंखा चारवर. आजीनं काय केलं तर झोपताना खोलीचा मेन स्विचच पाडायची, म्हणजे पंखा बंद पण त्याबरोबर लाईट पण बंद, रात्री उठायचं झालं तर उशाला बॅटरी. सकाळी मेन वर केला की पंखा आपला पुन्हा चारवर, कारण त्याला शेवटचं स्पीड लक्षात ठेवायला शिकवलंय. मला आजी म्हणाली, "ह्याला सगळं ध्येनात ऱ्हातंय बघ, मला थंडी वाजतीय तेवढं सोडून." मी दीडशे रुपयांत सेल आणि रिमोटला भिंतीवर एक होल्डर, दोरीनं बांधून दिला. लाखो लोकांनी वापरायच्या वस्तूचं डिझाईन शेवटी दोरीनं पूर्ण करावं लागत असेल तर ते डिझाईन करणाऱ्यानं अर्धवट सोडलंय असंच म्हणावं लागेल.

ह्या विषयावर शिकलेल्या लोकांनी फार आधी विचार करून ठेवलाय. अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन १९८० च्या दशकापासून सांगतायत की दार ढकलायचं का ओढायचं हे दाराकडं बघून कळलं नाही तर दोष माणसाचा नाही, दाराचा. त्याच्यापुढं मार्क वायझर म्हणून एक शास्त्रज्ञ झाले, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते, त्यांनी १९९१ मध्ये लिहिलं होतं की पुढं कॉम्प्युटर घरातल्या वस्तूंमध्ये असे मिसळून जातील की ते आहेत हे आपल्या लक्षात पण राहणार नाही. मिसळले तर खरं, पण लक्षात न राहण्याचं राहिलं बाजूला, आता पंखा सुद्धा अपडेट मागायलाय.

मला ह्या सगळ्यात लई आवडलेली गोष्ट म्हणजे डरेल बिशप नावाच्या डिझायनरनं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९९२ च्या सुमाराला मांडलेली आन्सरिंग मशिनची कल्पना. फोन आला, तुम्ही घरी नाही, समोरच्यानं निरोप ठेवला की मशिनमधनं एक गोटी बाहेर पडणार. एक निरोप, एक गोटी. घरी आल्यावर किती निरोप आलेत ते लांबूनच दिसतं, गोट्या मोजायच्या. गोटी उचलून मशिनच्या खळग्यात ठेवली की निरोप ऐकायला येतो, तीच गोटी फोनवर ठेवली की ज्यानं फोन केला होता त्याला फोन लागतो. निरोप बायकोसाठी असला तर गोटी तिच्या वाटीत टाकून द्यायची. ना स्क्रीन, ना मेनू, ना पासवर्ड, आत मात्र सगळं इलेक्ट्रॉनिक्स. हे दुकानात कधी विकायला आलं नाही, पण तीस वर्षांनंतर सुद्धा डिझाईनच्या कॉलेजात शिकवतात, कारण त्यात न दिसणारी गोष्ट हातात धरता येती. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला दोन मिनिटांत कळेल, गोट्या खेळलेलीच पोरं ती.

पण लंडनला कशाला जायचं, गणपत गल्लीत चला. भाजी घेऊन बसलेल्या बायका, कुणी कंग्राळीच्या, कुणी कडोलीच्या, कुणी उचगावच्या, आणि प्रत्येकीच्या टोपलीशेजारी तो छोटा साउंडबॉक्स. यूपीआय आलं २०१६ ला, पण भाजीवालीला ते खरं उपयोगी पडलं ते हा डबा आल्यावर. त्याच्या आधी काय व्हायचं, गिऱ्हाईक फोनची स्क्रीन दाखवून "झालं बघा मावशी" म्हणून निघून जायचं, आणि मावशीचा हात कोथिंबिरीनं ओला, फोन पिशवीत तळाला, मेसेज बघणार कधी. खोटी स्क्रीन दाखवून फसवणारे पण होतेच. आता डबा मोठ्यानं बोलतो इतके रुपये मिळाले, विषय संपला. त्यात स्वतःचं सिम आहे, स्वतःची बॅटरी आहे, मावशीला काही दाबावं लागत नाही, आणि भाषा बसवून घेता येते, एकीचा मराठीत बोलतो, शेजारणीचा कन्नडमध्ये, दोघींच्या मध्ये बसलेल्या लिंबूवाल्याचा हिंदीत. भांडण नाही तंटा नाही. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत आपल्या देशात रस्त्यावर आलेली सगळ्यात शहाणी स्मार्ट वस्तू हीच. ह्याला कारण एकच, तिनं मावशीला बदलायला लावलं नाही, ती जिथं बसते आणि तिचे हात ज्या कामात असतात तिथं वस्तू जाऊन बसली.

दुसरं उदाहरण घेतलं की लोक अंगावर येतात पण घेतो, मतदानाचं मशिन. त्याच्यावर जे काय वाद आहेत ते असू देत, मी फक्त ते वापरायच्या बाजूनं बोलतोय. एका युनिटवर जास्तीत जास्त सोळा नावं, नावाशेजारी चिन्ह, चिन्हाशेजारी निळं बटण, दाबलं की लाल लाईट, लांब पीप, आणि आता व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. न दिसणाऱ्यांसाठी ब्रेल. बेळगुंदीच्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीला पण ते जमतं आणि पहिल्यांदा मत देणाऱ्या पोराला पण, आणि कुणाला ट्रेनिंग द्यावं लागत नाही. ह्याच्या बाहेरच्या रूपावर आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरच्या लोकांनी काम केलंय, म्हणजे अक्कल आपल्याकडं आहे. मग तीच अक्कल वॉशिंग मशिनपाशी येऊन का अडते? तर मतदानाच्या मशिनमध्ये ठरलेलं होतं की एक पण माणूस बाहेर राहता कामा नये. वॉशिंग मशिनमध्ये ठरलेलं असतं की शोरूममध्ये शेजारच्या मॉडेलपेक्षा चार प्रोग्राम जास्त दिसले पाहिजेत.

आणि उद्यमबाग, मच्छेच्या मशिनशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, आमच्या बेळगावची निम्मी पोरं तिथंच तयार झालीत. सीएनसी मशिन म्हणजे लाखो रुपयांचं, पूर्ण कॉम्प्युटरवर चालणारं, घरातल्या कुठल्याही स्मार्ट वस्तूपेक्षा कितीतरी पटीनं स्मार्ट. त्याच्या पॅनेलवर स्क्रीन आहे, प्रोग्राम आहे, सगळं आहे, आणि तरी त्याच पॅनेलवर फीडचा, म्हणजे टूल पुढं सरकायच्या वेगाचा, गोल नॉब आहे, जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, जरा आवाज करायला लागला की ऑपरेटर स्क्रीनकडं बघत पण नाही, डोळे टूलवर, हात नॉबवर, फीड कमी. हातानं फिरवायचं चाक आहे, एकेका टिचकीला टूल मिलिमीटरचा हजारावा भाग सरकतं, बोटाला कळतं किती सरकलं. आणि लाल मशरूमसारखं इमर्जन्सी बटण, मागं पिवळा रंग, जगभर तसंच असतं, त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच आहे. ते बटण मेनूच्या आत तिसऱ्या पानावर ठेवायचा विचार कुणा इंजिनियरला आला नाही, कारण तिथं हात जातो, बोट जातं, जॉब स्क्रॅप होतो. घरात तसं लगेच काही होत नाही म्हणून घरातल्या माणसाला गृहीत धरलंय. इंडक्शनवर दूध उतू चाललंय, हात ओला आहे, टच पॅनेल ओल्या बोटाला दाद देत नाही, कारण ते पॅनेल बोटानं विजेचं क्षेत्र किती बदललं ते मोजतं आणि पाण्याचा थेंब पण तेच क्षेत्र बदलतो, त्यामुळं त्याला बोट कुठलं आणि पाणी कुठलं कळेनासं होतं. स्वयंपाकघरात ओला हात नसणार असं कुणी ठरवलं? ज्यानं ठरवलं त्यानं कधी भांडी घासली नाहीत एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बाहेर जगात हे शहाणपण परत यायला लागलंय बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाचं जॉन मॅकेन नावाचं जहाज तेलाच्या टँकरला धडकलं, दहा नौसैनिक गेले, चौकशीत बाकी कारणांबरोबर स्टिअरिंग आणि वेगाच्या टचस्क्रीनचा गोंधळ आणि त्याचं अपुरं ट्रेनिंग पण पुढं आलं, आणि २०१९ मध्ये नौदलानं सांगितलं की आम्ही परत हातानं ढकलायचे लिव्हर बसवणार. युरोपात गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे ह्यांना खरी बटणं असतील तरच पूर्ण मार्क असं केलंय. तिथं लोक मेल्यावर आणि गाड्या ठोकल्यावर बटणं परत आली. आपण कशाची वाट बघायची?

आता आमच्या भागाचं म्हणून जे आहे ते बोलतो. बेळगाव स्मार्ट सिटीच्या जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत होतं, तेव्हापासून शहरात स्मार्ट हा शब्द एवढ्या ठिकाणी लागलाय की विचारू नका. पण सरकारी दवाखान्यात, कचेरीत, कुठं टोकनचं मशिन असतं कुठं किऑस्क, त्याच्यासमोर जाऊन उभं राहा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. खानापूर भागातनं, नंदगडकडनं आलेली माणसं, कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी पण नाही, मशिनसमोर येतात, एकदा डावीकडं बघतात, एकदा उजवीकडं, मग वॉचमनला हाक मारतात. एका ठिकाणी तर वॉचमन दिवसभर मशिनशेजारी उभा राहून स्वतःच बटण दाबून टोकन काढून देत होता. मशिन माणसाचं काम वाचवणार होतं, इथं एक माणूस मशिनच्या सेवेला लागला.

सीमाभागात आम्ही वर्षानुवर्षं मागणी करतोय की सरकारी कागद मराठीत पण द्या. ती हवेतली मागणी नाही, जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हे १९५६ नंतरच्या काळात ठरलेलं राष्ट्रीय धोरण आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला घटनेच्या कलम ३५०-ब खाली आयुक्ताचं पद पण आहे. पण हे सगळं कागदाच्या काळातलं. आता कागद स्क्रीन झालाय आणि आमच्या पुढाऱ्यांची निवेदनं अजून कागदावरच अडकलीत, मशिनच्या भाषेबद्दल कुणी काही बोलत नाही. कागदाच्या वेळी प्रशासन म्हणू शकत होतं की दुसरी भाषा छापायची म्हणजे खर्च आहे, साठा ठेवायचा आहे. स्क्रीनला ते कारण चालतच नाही, एकदा भाषांतर भरलं की जिल्ह्यातल्या प्रत्येक मशिनवर ते फुकट. आणि हे मी फक्त आमच्यासाठी म्हणत नाही, जत, अक्कलकोटकडं कन्नड बोलणारी माणसं आहेत, त्यांना महाराष्ट्रातल्या मशिनपुढं नेमकं हेच भोगायला लागतं, त्यांना पण कन्नड मिळालं पाहिजे. भाजीवालीच्या डब्याला जे जमतं ते सरकारी मशिनला जमत नाही म्हणजे अडचण तंत्राची नाही हे उघडच आहे.

ह्यावर हुशार लोक म्हणतात चित्रं टाका, चित्राला भाषा लागत नाही. लागत नाही कसं? वॉशिंग मशिनवर एक टोपली, त्यात तीन रेघा, शेजारी टोपलीत थेंब, पलीकडं टोपलीखाली वळवळ, ही कुठली भाषा? मी धंद्यात असून मला काही चिन्हं पुस्तक उघडून बघावी लागतात. निवडणुकीची चिन्हं कळतात कारण ती सायकल, कंदील, नारळ अशी रोजच्या बघण्यातली असतात आणि शेजारी नाव पण लिहिलेलं असतं. चित्र शब्दाच्या सोबतीला असावं, शब्द टाळायला नव्हे. आधी वस्तू अशी करा की शब्द कमीत कमी लागतील, आणि जिथं लागतीलच तिथं ते आमचे असू देत.

दुसरं म्हणतात आता तर बोलून चालतं सगळं. गुगलच्या असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळती, चांगलं आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, न दिसणाऱ्याला ते वरदान आहे, त्यात वादच नाही. पण कुणाची मराठी कळती? आमच्याकडं बायका पण "मी जेवलो", "मी येतो" म्हणतात, "पंखा जरा कमी करून सोड की" म्हणतात, एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी एकत्र नांदतात. वर पत्र्यावर पाऊस धडधडतोय, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, टीव्हीवर सिरियल, त्यात पंख्याला ओरडून सांगायचं? आणि नेट गेलं की तो ठार बहिरा. आमच्याकडं जुलै महिन्यात लाईट आणि नेट हे दोघं हातात हात घालूनच जातात. लाईटवरनं आठवलं, ते स्मार्ट बल्ब बघा, बऱ्याच बल्बांना कंपनीतनं असं बसवून पाठवतात की वीज परत आली की पूर्ण उजेडात लागायचं. रात्री अडीचला लाईट आली की अख्खं घर लख्ख, लहान पोर उठून रडायला लागतं, आणि मग ॲप उघडायचं तर राउटर अजून सुरू व्हायचाय. ज्या गावात वीज जात नाही तिथं बसून केलेलं डिझाईन आहे हे.

शेतीवाल्यांनी मात्र ह्यातनं बरोबर वाट काढलीय. पंपाला मोबाईलवरनं चालू-बंद करायचं यंत्र, पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश त्यातलं नावाजलेलं, आणि आता त्या धर्तीवर कितीतरी निघालेत. थ्री फेज रात्री येणार, विहिरीवर जायचं तर वाटेत साप, चिखल, ओढा, म्हणून घरनं साधा फोन लावायचा आणि पंप चालू करायचा, स्मार्टफोन पण लागत नाही. पण लक्षात घ्या, स्टार्टरवरचं हिरवं आणि लाल बटण कुणी काढलं नाही. विहिरीवर जो गडी उभा आहे तो कधीही लाल बटण दाबून पंप बंद करू शकतो, त्याला मालकाचा फोन नको, पासवर्ड नको. घरातल्या वस्तूंना एवढंच लावायचंय, लांबनं चालवायची सोय ही जवळच्या बटणाच्या वर पाहिजे, त्याच्या जागी नको.

खर्चाचं म्हणाल तर कंपन्यांचं खरं आहे, टच पॅनेलला भोकं पाडावी लागत नाहीत, नॉबचे साचे लागत नाहीत, एक चकचकीत पट्टी लावली की झालं. पण ती बचत त्यांची, खर्च आपला. नॉब गेला तर शे-दोनशेत मी बदलून देतो, टच पॅनेल गेलं तर अख्खी पीसीबी, म्हणजे आतली सर्किटची पाटी, हजारोंत, ती पण मिळाली तर. आणि सर्व्हरच बंद केला तर मी काय रिपेर करणार डोंबल? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातल्या वस्तू एकत्र चालवणारा हब होता, तीनशे डॉलरचा, ती कंपनी गुगलच्या नेस्ट कंपनीनं २०१४ ला घेतली आणि २०१६ ला त्याची सेवाच बंद केली, लोकांच्या घरात चांगलं चालणारं मशिन एका दिवसात नुसता डबा झाला. काही बिघडलं नव्हतं त्याचं.

म्हणून माझं म्हणणं आहे की हे कंपनीच्या मर्जीवर सोडू नये, नियम करावा. पंख्याला स्टार लेबल कंपल्सरी करता येतं, प्रत्येक डब्यावर ते चिकटवता येतं, तर त्याच्या शेजारी अजून एक ओळ का नको की ही वस्तू फोनशिवाय आणि इंटरनेटशिवाय चालते का नाही. वीज वाचवणं बीईईचं, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, काम आणि सुरक्षितता बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, मग वापरता येणं कुणाचं? आज तरी कुणाचंच नाही. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर म्हणून पोर्टल काढलं, ठीक आहे, पण रिपेरीच्या आधी वापरायचा हक्क येतो की. आणि सरकारी जागेत जे मशिन बसवतील त्याच्या टेंडरमध्येच अट पाहिजे की आधी त्या तालुक्यातल्या माणसांसमोर ते ठेवून बघा, कुणी न सांगता जमलं तरच बिल पास करा. महानगरपालिकेला हे करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आणि व्हीटीयू, म्हणजे इंजिनियरिंगचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ, तर आमच्याच उंबऱ्यावर आहे, १९९८ पासून. दरवर्षी इंजिनियरिंगची पोरं दुकानात येतात, रिले द्या, जुनी मोटर द्या, स्मार्ट डस्टबिन करायलोय, स्मार्ट गेट करायलोय, हुशार असतात, रात्रभर बसून कोड लिहितात. त्यांच्या गाईडना माझं सांगणं आहे की व्हायवाला बाहेरनं परीक्षक येतो तसा एक दिवस बाहेरची बाई पण येऊ दे, जिनं ते मशिन कधी बघितलं नाही, आणि पोरांनी त्या वेळी तोंड उघडायचं नाही. जागा नसली तर माझ्या दुकानाचा कट्टा दुपारी दोन ते चार रिकामाच असतो, तिथं आणून ठेवा, गिऱ्हाईकं ट्रायल फुकट घेतील आणि शिव्या पण फुकट देतील.